नवी बस घ्यायला निधी, जुनी राखायला कोण? : वाचकांचे प्रश्न

सार्वजनिक वाहतुकीला सरकारकडून मिळणाऱ्या निधीविषयी ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून आणि लांबलेली थोडी आवरून त्यांची उत्तरे येथे देत आहे. बहुतेकांचा रोख दुरुस्ती आणि देखभालीवर असल्यामुळे नवे मार्ग, नवी स्थानके, भाडेवाढ हे विषय बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न : दर दोन-तीन वर्षांनी शहराला नव्या बस मिळणार, इतके कोटी मंजूर झाले, अशा बातम्या येतात. प्रत्यक्षात आम्ही सॅटिसवर (ठाणे स्थानकालगतच्या उन्नत बसथांब्यावर) रांगेत ताटकळत असतो आणि आगाराच्या भिंतीपलीकडे बंद बसची रांग दिसते. सरकारला नवी बस देता येते, तर बंद पडलेली दुरुस्त करायला पैसे का देता येत नाहीत?
(एक वाचक, वागळे इस्टेट)

उत्तर : देता येत नाहीत असे नाही, देण्याची पद्धत नाही, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये महानगरपालिकेची कामे दोन कलमांत वाटलेली आहेत. पाणी, मलनिःसारण, रस्ते, दिवाबत्ती ही कलम ६३ खालची बंधनकारक कामे. बससेवा मात्र कलम ६६ मध्ये, म्हणजे महानगरपालिकेला वाटले तर तिने करावयाच्या कामांत आहे. ठाणे महानगरपालिकेने १९८९ मध्ये आणि नवी मुंबई महानगरपालिकेने १९९६ मध्ये परिवहन सेवा सुरू केली ती या ऐच्छिक अधिकारात. शहराने आपण होऊन अंगावर घेतलेल्या कामाचा रोजचा खर्च शहरानेच भागवावा, ही राज्याची भूमिका तेव्हापासून फारशी हललेली नाही.

वरून मदत येते ती खरेदीसाठी. केंद्राने डिसेंबर २००५ मध्ये सुरू केलेल्या, जेएनएनयूआरएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नागरी नूतनीकरण अभियानातून २००९ पासून शहरांना बस घेण्यासाठी पैसे मिळाले. चाळीस लाखांवर लोकसंख्येच्या नागरी समूहांसाठी त्यात केंद्राचा वाटा ३५ टक्के, राज्याचा १५ टक्के आणि उरलेला ५० टक्के स्थानिक संस्थेचा, असे प्रमाण होते. या पैशातून बस आल्या, त्यांतल्या काही वातानुकूलित आणि महागड्या होत्या; पण त्या बसचे सुटे भाग, प्रशिक्षित तंत्रज्ञ, टायर, वातानुकूलन यंत्रणेची देखभाल यांचा पुढच्या दहा-बारा वर्षांचा खर्च कोणी द्यायचा, हे त्या प्रमाणात कोठेच नव्हते. तो आपोआप पूर्णपणे महानगरपालिकेचा झाला. विशेष म्हणजे बससाठी पैसे घेणाऱ्या शहरांनी नागरी वाहतुकीचा स्वतंत्र निधी उभारावा, अशी अट त्याच योजनेत होती. बस ताब्यात आल्या, अट मात्र कागदावर राहिली, हा अनुभव एकट्या ठाण्याचा नाही.

याचा परिणाम आगारात कसा उतरतो, ते एका बसपुरते पाहू. ठरावीक किलोमीटर झाले की बस डॉकिंगसाठी खड्ड्यावर घेतात. ब्रेकचे लायनर, हवेच्या नळ्यांतील गळती, स्प्रिंगचे पाटे, स्टीअरिंगचे सांधे आणि टायरची झीज पाहिली जाते, तेल आणि फिल्टर बदलले जातात. समजा, या तपासणीत एअर कॉम्प्रेसर निकामी झालेला आढळला आणि भांडारात तो शिल्लक नाही. पुरवठादाराची मागची बिले थकलेली असली, तर तो नवा माल सोडत नाही, आणि बस बाजूला उभी राहते. चार दिवसांनी दुसऱ्या एका बसचा सेल्फ जातो. या उभ्या बसचा सेल्फ काढून तिला लावला जातो, कारण सकाळची पहिली फेरी काढायची असते आणि मेकॅनिकच्या हातात त्या वेळी दुसरा इलाज नसतो. मग बॅटरी जाते, मग अल्टरनेटर, मग काचा, शेवटी चाके. एका सुट्या भागासाठी थांबलेल्या गाडीचा वर्षभरात सांगाडा होतो आणि ही दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेणे परवडेल, असा शेरा फाइलवर पडतो. त्या दिवशी तो शेरा खराही असतो. तुम्हाला भिंतीपलीकडे दिसणारी रांग बहुधा अशीच तयार होत जाते, आणि तिच्यातली प्रत्येक गाडी पुढच्या नव्या खरेदीच्या प्रस्तावाचे समर्थन बनते.

हिशेबाच्या अंगाने यात एक विसंगती आहे, ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. दुरुस्ती हा महसुली (रोजचा) खर्च, खरेदी हा भांडवली (मालमत्ता उभी करणारा) खर्च, आणि सरकारला भांडवली खर्च वाढवायचा असतो, असे कारण नेहमी पुढे केले जाते. परंतु सरकारी लेखामानकानुसार राज्याने स्थानिक संस्थेला दिलेले सहायक अनुदान, ते बसखरेदीसाठी असो की दुरुस्तीसाठी, राज्याच्या वहीत साधारणपणे महसुली खर्च म्हणूनच नोंदवले जाते, कारण आलेली बस राज्याच्या मालकीची होत नाही. मग राज्याच्या वहीला फरक पडत नसेल, तर फरक पडतो कोठे? माझ्या मते तो उद्घाटनात पडतो. पन्नास नव्या बसना हिरवा झेंडा दाखवता येतो, पन्नास बसचे क्लच बदलले याचा कार्यक्रम होत नाही. अर्थात सगळा दोष राज्याच्या माथी मारणेही योग्य नाही, कारण केंद्राच्या योजनांची रचनाही तीच आहे. राज्यांना २०२०-२१ पासून मिळणारे पन्नास वर्षांचे बिनव्याजी कर्ज भांडवली कामांसाठीच वापरता येते, आणि राज्याच्या तिजोरीचे लक्ष स्वाभाविकपणे जिकडे स्वस्त पैसा असेल तिकडे वळते.

त्यात आता वयाची अट आली आहे. केंद्राच्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून सरकारी, महापालिकांच्या आणि परिवहन उपक्रमांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी चालू ठेवता येत नाही. म्हणजे २००९-१० च्या सुमारास घेतलेली बस कितीही नीट राखली असली, तरी २०२४-२५ मध्ये तिला रस्त्यावरून उतरणे भागच होते. नियम प्रदूषण आणि सुरक्षितता या दृष्टीने योग्य आहे. मात्र यामुळे बसच्या पंधरा वर्षांतला प्रत्येक महिना मोलाचा झाला आहे. दुरुस्तीअभावी तीन वर्षे उभी राहिलेली बस म्हणजे अनुदानाचा पाचवा हिस्सा धूळ खात राहिला.

यावर उपाय सांगायचा तर तो आपल्याच इमारतीत आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी घेतली जाते. इमारत नवी आहे, गळत नाही, म्हणून कोणी त्यातून सुटत नाही. बसचे आयुष्य इमारतीपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे तिचे प्रमाण याहून बरेच जास्त ठेवावे लागेल. पण खरेदीचा शासन निर्णय निघतो त्याच दिवशी त्या बसच्या देखभालीची वार्षिक रक्कम, ती देणारा आणि ती ज्या खात्यात जमा होईल ते खाते, या तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत. त्या ठरत नसतील, तर कमी बस घ्याव्यात, हे मी पूर्ण विचारानेच म्हणतो.

प्रश्न : आता विजेच्या बस ठेकेदाराच्या असतात आणि दुरुस्तीही तोच करतो, असे ऐकतो. मग दुरुस्तीच्या निधीचा प्रश्न मिटला, असे समजायचे का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : मिटला नाही, त्याची जागा बदलली. या पद्धतीत बस ठेकेदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची. महानगरपालिका त्याला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर देते आणि तिकिटाचे पैसे स्वतःकडे ठेवते. ठाणे परिवहन सेवेने १२३ विजेच्या बससाठी केलेला करार याच प्रकारचा आहे, आणि नवी मुंबईतही विजेच्या बस अशाच तत्त्वावर आणल्या गेल्या.

याचा मोठा फायदा असा की दुरुस्तीचा खर्च किलोमीटरच्या दरात मुरलेला असतो. परिवहन सेवेच्या अर्थसंकल्पात ‘सुटे भाग’ हे वेगळे लेखाशीर्ष असले, की वर्षाच्या मध्यावर ओढाताण सुरू होताच पहिली कात्री त्यालाच लागते. वेतन थांबवता येत नाही, इंधन थांबवता येत नाही. टायर मात्र आणखी एक महिना ओढता येतो. दरात मुरलेल्या खर्चाला अशी कात्री लावता येत नाही. शिवाय बस बंद पडली, फेरी चुकली, ठरलेल्या संख्येपेक्षा कमी बस रस्त्यावर आल्या, तर करारानुसार दंड होतो, त्यामुळे बस धावती ठेवण्यात ठेकेदाराचा थेट स्वार्थ असतो.

केंद्रानेही हळूहळू हाच मार्ग धरला आहे, आणि मला यात आशेला जागा दिसते. विजेच्या वाहनांना अनुदान देणाऱ्या फेम योजनेच्या एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात बॅटरीच्या क्षमतेनुसार, किलोवॉट-तासामागे २० हजार रुपये, बारा मीटर लांबीच्या बसला कमाल ५५ लाख, असे अनुदान होते. म्हणजे पैसा वस्तूसाठी होता. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत मात्र १० हजार बससाठी केंद्राने २० हजार कोटी रुपये ठेवले आणि मदत धावलेल्या किलोमीटरमागे, दहा वर्षांपर्यंत देण्याचे ठरवले. मोठ्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, मध्यम बसला २२ आणि छोट्या बसला २० रुपये असा तिचा दर आहे. उभ्या बसला त्यात काहीच मिळत नाही. मंत्रालयातून किंवा दिल्लीतून येणाऱ्या प्रत्येक बस योजनेची अशीच रचना असावी, असे मला वाटते.

अडचण पुढे आहे. महानगरपालिकेने ठेकेदाराचे बिल वेळेवर दिले नाही, तर तो आधी देखभालीत हात आखडतो, मग चालकांचे पगार लांबतात, आणि एके दिवशी सकाळी चालक आगाराच्या दारात बसलेले दिसतात. असे प्रकार महामुंबईत अनेकांनी पाहिले आहेत. ही जोखीम ओळखूनच केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४३५ कोटी रुपयांची देयक-सुरक्षा योजना मंजूर केली. परिवहन संस्थेने बिल थकवले तर त्या निधीतून ठेकेदाराला पैसे मिळतात आणि नंतर ते राज्याच्या रिझर्व्ह बँकेतील खात्यातून थेट वळते करून घेण्याची तरतूद तिच्यात आहे. म्हणजे जो खर्च राज्य एरवी देत नाही, तो शहराने चुकवल्यास शेवटी राज्याच्याच खात्यातून जाणार! ज्यांना राज्याने देखभालीची जबाबदारी घ्यावी असे वाटते, त्यांनी ही तरतूद जरूर अभ्यासावी.

प्रश्न : बेलापूर–पेंधर मेट्रोच्या देखभालीचा खर्च कोण करते? आणि नवी मुंबईतल्या रेल्वे स्थानकांच्या गळक्या छतांबद्दल तक्रार केली की रेल्वे सिडकोकडे आणि सिडको रेल्वेकडे बोट दाखवते, ते का?
(एक वाचक, खारघर)

उत्तर : दोन्हींचे मूळ एकच आहे : नवी मुंबईत वाहतुकीचा भांडवली पैसा मुख्यतः हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या जमिनीतून आला. ११.१ किलोमीटर आणि ११ स्थानकांची ही मेट्रो सिडकोने बांधली आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ती प्रवाशांसाठी खुली झाली. संचालन आणि देखभालीचे काम सिडकोने महामेट्रोकडे दिले आहे. त्याचा मोबदला आणि तिकिटाच्या उत्पन्नातली तूट सिडकोची. सप्टेंबर २०२४ मध्ये कमाल भाडे ४० रुपयांवरून ३० रुपये करता आले, तेही सिडकोची आर्थिक ताकद मागे असल्यामुळे. सध्या गाड्या आणि रूळ नवे आहेत. सरकते जिने आणि सिग्नल यंत्रणा बदलण्यासारखे मोठे खर्च साधारण दहाव्या-पंधराव्या वर्षापासून येतात, आणि तोवर विकण्याजोगी जमीन सिडकोकडे आजच्या इतकी असेलच असे गृहीत धरता येत नाही. त्या खर्चासाठी आतापासून वेगळी रक्कम बाजूला पडत आहे का, हा प्रश्न खारघर-तळोज्याच्या रहिवाशांनी विचारायला हवा.

स्थानकांचे म्हणाल तर मानखुर्द–बेलापूर–पनवेल मार्गासाठी सिडकोने ६७ टक्के आणि रेल्वेने ३३ टक्के खर्च उचलला होता, आणि सिडकोची गुंतवणूक वसूल व्हावी म्हणून या मार्गांच्या तिकिटावर अधिभारही आला. रूळ, गाड्या, सिग्नल रेल्वेकडे राहिले. वाशी किंवा बेलापूरसारखी व्यापारी संकुले असलेल्या स्थानकांच्या इमारती आणि परिसर सिडकोकडे. फलाटाच्या डोक्यावरचे छत नेमके या दोन हद्दींच्या मध्ये येते. तक्रार करताना ती दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच मजकुराची आणि दुसऱ्याला प्रत पाठवल्याच्या उल्लेखासह द्यावी. टोलवाटोलवी त्यामुळे निदान लेखी होते.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर फ्लॅट घेताना मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रोचा अधिभार भरला. तो पैसा बस आणि मेट्रोच्या दुरुस्तीला वापरता येणार नाही का?
(एक वाचक, मानपाडा)

उत्तर : आजच्या तरतुदीनुसार नाही. एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत लागू झालेला हा अधिभार मेट्रो, मोनोरेल, बस जलद वाहतूक, उड्डाणपूल अशा महत्त्वाच्या नागरी वाहतूक प्रकल्पांसाठी आहे आणि त्याचा अर्थ उभारणीपुरताच घेतला जातो. ऐंशी लाखांच्या फ्लॅटमागे ऐंशी हजार रुपये, ही काही लहान रक्कम नव्हे. यातला ठरावीक हिस्सा त्या शहरातल्या चालू सेवांच्या देखभालीसाठी राखून ठेवण्याची दुरुस्ती कायद्यात करता येईल, आणि या सगळ्या पत्रव्यवहारात मला सर्वांत व्यवहार्य वाटलेली मागणी हीच. ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी १२,२०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली आहे. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार मेट्रो चालवण्यातला तोटा केंद्र उचलत नाही, तो राज्याकडे येतो. उभारणीसाठी गोळा केलेला पैसा उभारणीतच संपला, तर तो दिवस आल्यावर हात घालायला दुसरे खाते नसेल.

प्रश्न : माझी मुलगी फिलाडेल्फियाला असते. तिथे सरकार वाहतुकीला भरघोस पैसे देते असे आपण समजतो, पण ती सांगते की तिथेही फेऱ्या कापण्याची वेळ आली. मग आपण कोणाकडे पाहायचे?
(एक वाचक, नौपाडा)

उत्तर : मुलगी सांगते ते बरोबर आहे, आणि तिथली गोष्ट आपल्याला उपयोगी आहे ती अनुकरणापेक्षा सावधगिरीसाठी. अमेरिकेत मोठ्या शहरांना केंद्राकडून रोजच्या संचालनासाठी सहसा पैसे मिळत नाहीत. मात्र ‘प्रतिबंधक देखभाल’, म्हणजे बिघाड होण्याआधी केलेली देखभाल, भांडवली खर्च मानण्याची मुभा तिथल्या नियमांत आहे आणि तिच्या ८० टक्क्यांपर्यंत केंद्रीय निधी वापरता येतो. शिवाय जुनी यंत्रणा सुस्थितीत आणण्यासाठी २०१२ च्या कायद्याने स्वतंत्र निधी निर्माण केला. आपल्याकडे डॉकिंग आणि इंजिनची संपूर्ण दुरुस्ती भांडवली अनुदानास पात्र ठरवली, तर किती आगारांचे चित्र पालटेल याची कल्पना करावी.

आता दुसरी बाजू. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विधिमंडळात वाहतुकीच्या निधीवर एकमत झाले नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या परिवहन संस्थेने फेऱ्या कापायला सुरुवात केली. सप्टेंबरमध्ये राज्याने तोडगा काढला तो असा : भांडवली कामांसाठी, म्हणजे जुन्या गोष्टी बदलण्यासाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी असलेल्या रकमेतून ३९ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत पैसे दोन वर्षे फेऱ्या चालवण्यासाठी वापरावेत. फेऱ्या पूर्ववत झाल्या. त्याच वर्षी या संस्थेच्या १९७० च्या दशकातल्या लोकल गाड्यांना पाच वेळा आग लागली होती, आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या केंद्रीय रेल्वे प्रशासनाने त्या गाड्यांच्या तातडीच्या तपासणीचा आदेश काढला. आगी या तोडग्याच्या आधीपासूनच लागत होत्या, त्यामुळे त्यांचे कारण तोडग्यात शोधणे चुकीचे होईल. पण पन्नास वर्षांच्या गाड्या बदलण्यासाठीचा पैसा आजच्या फेऱ्यांसाठी उचलावा लागणे म्हणजे काय, हे त्या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की दिसते. लंडनमध्ये सरकारने २०१८ पर्यंत रोजच्या खर्चाचे अनुदान बंद केले, बहुतेक भार तिकिटावर आला, आणि २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी आटताच सरकारला घाईने मदत द्यावी लागली.

तेव्हा देखभालीसाठी अनुदान मिळवण्याइतकेच ते दुसरीकडे वळवता येणार नाही अशी तरतूद करणे महत्त्वाचे आहे.

प्रश्न : महिलांना निम्मे तिकीट आणि ज्येष्ठांना मोफत प्रवास, यामुळे दुरुस्तीला पैसे उरत नाहीत, असे एका कर्मचाऱ्याने सांगितले. हे खरे आहे का?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : सवलत कोण भरून देते, यावर ते अवलंबून आहे. एसटीमध्ये ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे. या सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देते. ती उशिरा येते अशी कुरकूर असते, पण देणे राज्याचे, हे ठरलेले आहे. महानगरपालिकेच्या बसमध्ये शहराने स्वतः जाहीर केलेल्या सवलतीचा भार शहराच्याच तिजोरीवर येतो. सवलत योग्यच आहे, आणि बसमध्ये कामाला जाणाऱ्या बायांची संख्या पाहिली की तिच्याविरुद्ध बोलण्याचे कारण उरत नाही. पण तिची भरपाई अर्थसंकल्पात वेगळी दाखवली नाही, तर ती नकळत टायर आणि ब्रेक लायनरच्या पैशातून होते. उलट दिशेचाही एक प्रवाह आहे : शहर बसच्या तिकिटातून प्रवासी कर आणि बालपोषण अधिभार राज्याकडे जातो. राज्याने देखभालीसाठी नवे काही देण्याआधी निदान हे पैसे परिवहन सेवेच्या कार्यशाळेसाठी परत करावेत, ही मागणी फार मोठी नाही.

प्रश्न : आम्ही काही रहिवासी परिवहन सेवेकडे निवेदन देणार आहोत. नेमके काय मागावे?
(एक वाचक, कळवा)

उत्तर : ‘बस वाढवा’ असे लिहू नका, त्याचे उत्तर ‘प्रस्ताव पाठवला आहे’ असे येते. मालकीच्या किती बस आहेत, त्यांपैकी रोज सरासरी किती रस्त्यावर येतात, उभ्या बस कोणत्या सुट्या भागासाठी उभ्या आहेत आणि कधीपासून, एवढे विचारा. सुट्या भागांसाठी अर्थसंकल्पात किती तरतूद होती आणि त्यातली प्रत्यक्षात किती खर्च झाली, हेही विचारा, कारण तरतूद आणि खर्च यांतली तफावत बरेच काही सांगते. परिवहन व्यवस्थापकांचा अर्थसंकल्प परिवहन समितीपुढे आणि पुढे स्थायी समितीमार्फत महासभेपुढे जातो, तेव्हा निवेदन त्याच्या आधी, साधारण जानेवारीपर्यंत द्यावे. अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर आलेल्या निवेदनाला आश्वासनापलीकडे काही मिळत नाही. नगरसेवकांना प्रत द्यावी, पण आमदारांना विसरू नये, कारण अधिभाराचा वाटा किंवा प्रवासी कराचा परतावा हे निर्णय विधानभवनातले आहेत.

माहितीसाठी अर्ज करायचा असेल, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून तरतूद-खर्चाचा एक आणि उभ्या बसचा दुसरा, असे दोन अर्ज करा आणि दोन्हींत आगाराचे नाव व आर्थिक वर्ष स्पष्ट लिहा. कागदांच्या प्रती मागण्याऐवजी आगाराची डॉकिंग नोंदवही आणि भांडाराची साठा नोंदवही पाहण्याची परवानगी मागितलीत, तर पहिल्या तासाला शुल्क पडत नाही, आणि सोबत गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती असलेला एखादा निवृत्त कर्मचारी असला, तर तेवढा वेळ पुरतो.